हॉजसनची बिअर आणि माझा कॅन

कसौलीला असताना भाच्याने पुण्याहून क्राफ्ट बिअरचा एक कॅन आणला. वर लिहिलेलं, इंडिया पेल एल. म्हटलं, कोर्समेट चार महिन्यांनी ग्लेशियरवरून उतरेल तेव्हाच उघडू. लंडनहून कलकत्त्याला यायला हिच्या पूर्वजांना तेवढे महिने लागायचेच की!

ती हॉजसनची बिअर. त्याची ब्रुअरी लंडनजवळ बो इथे, कंपनीच्या जहाजांच्या गोदीपासून जवळ. त्याने ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, ही मेसमधली आवडती कथा, पण खरी नाही. भरपूर हॉप्सची 'ऑक्टोबर बिअर' तिकडचे जमीनदार आधीपासूनच तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत. केप ऑफ गुड होपचा वळसा, दोनदा विषुववृत्त, उकाडा आणि पिंपांचं हिंदकळणं यांनी तेच काम चार-सहा महिन्यांत उरकलं. प्यायचे मात्र साहेब लोक. गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर. रँकप्रमाणे बाटली तेव्हाही होती तर!

मग माझा कॅनही मुरला असता? नाही. आजची ही बिअर हॉप्सच्या ताज्या वासासाठीच बनते आणि तो वास काही आठवड्यांतच उतरू लागतो. पुढे चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. मुरवायच्या त्या इंपीरियल स्टाउट किंवा बार्ली वाइनसारख्या दाट, कडक बिअर.

शेवटी एकट्यानेच उघडला. फोनवर कबूल केलं, तर तिकडून अस्सल कोल्हापुरी शिव्या. तू खाली आलास की ताजा आणतो म्हटलं, आणि लगेच भाच्याला मेसेज टाकला.