बर्फावरील नालबंदी

व्हिल्ना शहराच्या बाहेर दोन कोसांवर पोनारीची टेकडी आहे. चढण फार मोठी नव्हे. उन्हाळ्यांत एखादी बैलगाडीही ती सहज चढून जाईल. १८१२ सालच्या डिसेंबरच्या १० तारखेस मात्र ह्या टेकडीच्या पायथ्याशीं नेपोलियनच्या सैन्याच्या गाड्या अडकल्या, त्या कायमच्याच. वाटेवर काचेसारखा बर्फाचा थर जमला होता. घोडे दोन पावलें चढत आणि गुडघ्यांवर कोसळत. तोफा, जखमी अधिकाऱ्यांच्या गाड्या, फौजेचा खजिना, सारें तेथेंच टाकून द्यावें लागलें. आणि त्या खजिन्याभोंवतीं फ्रेंच शिपाई व कोसॅक स्वार एकमेकांचें वैर विसरून लूट करूं लागले.

रशियाच्या थंडीनें नेपोलियनला हरविलें, हें वाक्य शाळेंतील इतिहासापासून सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याचा पहिला प्रचारक स्वतः नेपोलियनच. ३ डिसेंबर १८१२ च्या २९ व्या जाहीरपत्रकांत त्यानें जगाला सांगितलें कीं, नोव्हेंबरच्या आरंभीं अकस्मात् थंडी पडली आणि थोड्याच दिवसांत ३०,००० हून अधिक घोडे मेले. ह्या म्हणण्याला छेद देणारा साक्षीदार त्याच्याच शेजारीं घोड्यावर बसून चालला होता; परंतु त्याची साक्ष छापून निघण्यास १९३३ साल उजाडावें लागलें. हा साक्षीदार म्हणजे बादशहाच्या पागेचा मुख्य अधिकारी आर्मां द कोलँकूर. घोडे मेले ते मुख्यतः थंडीनें नव्हे, तर बर्फावर चालण्याजोगी नालबंदी केलेली नव्हती म्हणून मेले, असें त्यानें आपल्या आठवणींत स्वच्छ लिहून ठेविलें आहे.

कोलँकूर १८०७ पासून १८११ पर्यंत सेंट पीटर्सबर्ग येथें फ्रान्सचा वकील होता. तेथील चार हिवाळे त्यानें डोळसपणें पाहिले होते. मॉस्कोंत असतां त्यानें हिवाळ्याविषयीं वारंवार सूचना दिल्या. पण त्या वर्षींचा शरदृतु इतका प्रसन्न होता कीं, नेपोलियननें त्याच्या भीतीची थट्टाच केली. दरबारी माणसाला ह्यापुढें वाद घालण्याची सोय नसते. कोलँकूरनें आपल्या हाताखालच्या पागेपुरती व्यवस्था केली आणि तो गप्प बसला.

दख्खनच्या स्वाराच्या पायाखालीं बर्फ कधीं येत नाहीं. म्हणून ही व्यवस्था काय होती तें थोडें उकलून सांगणें अवश्य आहे. साध्या नालाचा तळ गुळगुळीत असतो, आणि खिळ्यांचीं डोकीं त्यांत बुडून बसलेलीं असतात. मातीच्या वाटेवर हें उत्तम. बर्फावर मात्र असा नाल म्हणजे लोखंडाची घसरगुंडीच होय. त्यांतून खुराच्या पोकळींत बर्फाचा गोळा दाबून बसतो आणि घोडा लाकडी खडावा घातल्यासारखा डळमळूं लागतो. हिवाळी नालाचीं टोकें खालीं वळविलेलीं असतात, व त्याला टोकदार डोक्यांचे खिळे मारतात. ते बर्फांत रुततात. अशा नालांवर बादशहाची पागा मॉस्कोहून निघाली. पोलंडच्या स्वारांनाही हिवाळा घरचाच असल्यामुळें त्यांनींही ही तजवीज केली होती. बाकीची प्रचंड फौज उन्हाळी नालांवरच १९ ऑक्टोबरला बाहेर पडली.

येथें एक आक्षेप संभवतो. वाटेंत लोहार होते, भाते होते. मग खिळे मागाहून कां मारले नाहींत? ह्याचें उत्तर दिवसाच्या लांबींत आहे. २४ जूनला फौजेनें नीमेन नदी ओलांडली तेव्हां त्या प्रदेशांत सतरा तास उजेड असे. मॉस्को सोडतांना तो दहा तासांवर आला होता, आणि डिसेंबरच्या आरंभीं जेमतेम साडेसात तास उरला. कूच पहाटेच्या अंधारांत सुरू होई आणि मुक्काम रात्रीच्या अंधारांत पडे. वैरण शोधावयाची तर उजेडांत, आणि उजेडांत तर चालावयाचें! टोकदार खिळे झिजतात, ते पुनःपुन्हा बदलावे लागतात. बधिर बोटांनीं, शेकोटीच्या प्रकाशांत, घोड्याचा पाय मांडीवर घेऊन तें काम कोणी आणि केव्हां करावें? शिवाय घोड्याला पोट भरण्यास कांहीं तास स्वस्थपणा लागतो. तोही त्याला मिळेना.

पाणी पाजणें हा रोजचा दुसरा धोका. नदीवरचा बर्फ फोडून भोंक पाडावयाचें, आणि त्या निसरड्या काठावर उपाशी जनावर न्यावयाचें. तें घसरे, पडे, आणि अशक्तपणामुळें पुनः उठेना. मागून येणारे भुकेले शिपाई तें पुरतें मरण्यापूर्वींच त्याचें मांस कापूं लागत. पायवाटेवर स्वारानें उतरून लगाम हातीं धरून चालणें हाच शहाणपणा होता, आणि तो खुद्द बादशहालाही शिकावा लागला. काठी टेकीत तो मैलचे मैल पायीं चालला. लियादी गांवाच्या उतारावर तर गार्ड पलटणीसह त्याला चक्क बसून घसरत खालीं यावें लागलें. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, ज्यांच्याजवळ अद्याप घोडा शिल्लक होता अशा सुमारे ५०० अधिकाऱ्यांची एक तुकडी उभारण्यांत आली. तींत सेनापति कप्तानांचें काम करीत होते.

कोलँकूरची साक्ष सर्वस्वीं निर्णायक मानणें मात्र बरोबर होणार नाहीं. तो पागेचा माणूस. त्याला दोष पागेंतच दिसणार. घोड्यांचा संहार बर्फ पडण्यापूर्वींच सुरू झाला होता. नीमेन ओलांडल्यावर पहिल्या थोड्याच दिवसांत, पावसाच्या गारठ्यानें आणि कोंवळें हिरवें धान्य खाऊन, सुमारे १०,००० घोडे मेले. तेव्हां तर ऐन उन्हाळा होता. रशियन फौजेचीही पाठलागांत भयंकर हानि झाली. तथापि एक गोष्ट उरतेच: त्याच वाटेनें, त्याच थंडींत, त्याच कमी वैरणीवर चाललेल्या बादशाही पागेंतील घोड्यांपैकीं बरेच जगले.

५ डिसेंबरच्या रात्रीं स्मॉर्गोन येथें नेपोलियननें सैन्य सोडलें. सोबतीस कोलँकूर. संरक्षणासाठीं दिलेले स्वार त्या कडाक्यांत रात्रभर मागें पडत गेले. वाटेंत चाकांची गाडी सोडून दोघे घसरगाडींत बसले. युरोपचा बादशहा आपल्या पागाप्रमुखाचा चिटणीस असल्याच्या बतावणीनें प्रवास करीत होता. १८ डिसेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास ते पॅरिसला पोहोंचले, तेव्हां राजवाड्याच्या पहारेकऱ्याला दाढी वाढलेला, केसाळ कातड्याच्या अंगरख्यांतला कोलँकूर प्रथम ओळखूंच आला नाहीं.