जागा केवढी आहे?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या यात्रा कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल आला. यंदा काय आणायचं, ऑर्केस्ट्रा की तमाशा? मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. ऑर्केस्ट्रावर बोट ठेवलं आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळलो. बहुमतही तेच निघालं. यात्रेच्या रात्री एलईडीची भिंत लागली, गाणी झाली, मध्यरात्रीच्या आत ट्रक निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा धुतलेली टोपी घालून देवळापुढच्या पारावर जाऊन बसले. आमच्या जुन्नर भागात रात्रभर तमाशा केलेला फड सकाळी देवापुढे ‘हजेरी’ देतो. ज्यांना रात्री जागवत नाही अशी म्हातारी माणसं हजेरीला आवर्जून येतात. आजोबा अर्धा तास बसले. पोलबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना घरी घेऊन आलो. आपण कशावर बोट ठेवलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.

यंदा नाना म्हणाले, “सुपारी द्यायला तूच चल.” म्हणून चैत्रात नारायणगावला गेलो.

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. एक राहुटी म्हणजे एका फडाचं बुकिंग ऑफिस. बाहेर फडाचा रंगीत फलक, आत गादी, डायरी आणि कॅलेंडर. गावोगावच्या कमिट्या येतात, तारीख आणि रक्कम ठरते, विसार दिला जातो. मला वाटलं होतं, मॅनेजर विचारतील कुठला वग हवा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जागा केवढी आहे?” मग एकामागून एक: ट्रक आत येतो का? पाणी कुठं आहे? बायांना आंघोळीला आडोसा आहे का? शाळेची खोली मिळंल का? वगाचं नाव अगदी शेवटी निघालं.

परत येताना गाडीत मी याच प्रश्नाचा विचार करत होतो. नंतर जे वाचलं त्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत गेला.

आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. त्यांच्यामागे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. जागा, खर्च, प्रेक्षक, सगळं दरबाराचं. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि तो आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. मराठी नाटकाचा दौरा सुरू झाला तो असा, डोक्यावरचं छप्पर गेल्यामुळे.

पुढची ऐंशी वर्षं नाटक मंडळ्यांची. १८८० साली पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं आणि संगीत नाटकाचं वेड लागलं. मंडळी म्हणजे एक फिरतं गावच. नट, साथीदार, आचारी, पडदे, कपड्यांच्या पेट्या, सगळं बैलगाडीनं आणि रेल्वेनं गावोगाव जायचं. एका गावी काही आठवडे मुक्काम, भाड्याचं बिऱ्हाड, भाड्याचं थिएटर. थिएटर नसेल तिथं मांडव. खेळ चालले तर मुक्काम वाढायचा, नाही चालले तर गाडीभाड्याची भ्रांत.

केशवराव भोसले या फिरत्या जगात लहानपणीच शिरले. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्म, कोवळ्या वयात नाटक मंडळीत दाखल, आणि १९०८ मध्ये हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. त्यात धैर्यधर केशवराव होते आणि भामिनी बालगंधर्व. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे दोन मालक एका स्टेजवर उभे होते. तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय एकतीस. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास पॅलेस थिएटर उभं केलं. शेजारीच कुस्तीचं खासबाग मैदान. पुढे या थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी ते व्हिडिओ मोबाइलवर पाहिले. कोल्हापूरचे नट रस्त्यावर उभे राहून रडत होते. घरातलं माणूस गेल्यासारखं सगळं शहर हळहळलं, आणि ते रास्तच होतं. पण तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती राहुटीत बसल्यावर आली. तमाशाचं थिएटर रोज पहाटे मोडतं. त्याची बातमी होत नाही, कारण ते संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा उभं राहिलेलं असतं.

तमाशाला इमारती अगदीच नव्हत्या असं नाही. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या काळात मुंबईच्या थिएटरांत तमाशाला गर्दी व्हायची. पुण्यात आर्यभूषण थिएटर आहे, चौफुला आणि मोडनिंबसारख्या ठिकाणी संगीत बाऱ्यांची थिएटरं आहेत. पण ढोलकी फडाचं खरं घर म्हणजे कनात. फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांचा खेळही वेशीबाहेरच्या माळावर लागायचा. गाव तिथं रात्रभर बसायचं आणि सकाळी वेशीच्या आत परतायचं. नारायणगावच्या प्रसिद्ध फडाचं नावच ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ होतं. जात लपवायची सोय नव्हती आणि त्यांनी ती लपवलीही नाही.

या भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात, दौऱ्याच्या आयुष्यातच जन्मलेली. तिची एक गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांना कळलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट मी नेहमी जिद्दीची म्हणून ऐकली. राहुटीतल्या त्या प्रश्नांनंतर ती मला जागेची वाटते. पडद्यामागे खाट नव्हती, सुईण नव्हती, साधी सुरीही नव्हती. होता तो माळावरचा दगड. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई २००२ मध्ये हलाखीतच गेली. आता राज्य सरकार तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

या इतिहासातला एक उलटा हिशेब मला इंजिनीअर म्हणून फार आवडतो. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपट सुरू झाला. नाट्यगृहांचे मालक हिशेबी होते. पन्नास-साठ माणसांची मंडळी ठेवून घेण्यापेक्षा फिल्मचे डबे आणणं सोपं. नाट्यगृहांची टॉकीज झाली. भरजरी शालू, अत्तरं आणि कर्ज, तिन्हींसाठी गाजलेली बालगंधर्वांची कंपनीही टिकली नाही. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले. तमाशाच्या फडाकडून मात्र सिनेमाला काढून घेण्यासारखं थिएटरच नव्हतं. त्याची कनात त्याच्याच ट्रकमध्ये होती. उलट फडानं सिनेमाचीच गाणी उचलली आणि रंगबाजीत घातली. कर्णे आले, जनरेटर आले, माणसं शंभराच्या पुढे गेली.

पण कनात टिकली ती उधारीवर. कलावंत हंगामाआधी मालकाकडून ‘उचल’ घेतात, वर्षभराच्या कामातून फेडतात. मालक ती उचल द्यायला सावकाराकडून पैसे काढतो. तिकिटावरच्या खेळाला एक अवकाळी पाऊस पुरतो. त्यामुळे सगळी भिस्त चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभराची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्या ओस पडल्या. पुढच्या वर्षीही यात्रा झाल्या नाहीत. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. मी त्या दोन वर्षांत घरी बसून काम केलं आणि मला पगारवाढही मिळाली. फडातल्या माणसाला ‘घरून काम’ ही सोय नसते.

आम्ही सुपारी दिली. जागा म्हणून नानांचं कांदा काढलेलं वावर ठरलं. मी फोनवरच्या नकाशात त्याचं क्षेत्रफळ मोजून मॅनेजरना पाठवलं, त्यांनी उलट विचारलं, “पण ओल किती आहे? खुंट्या धरतील ना?” यात्रेच्या दिवशी दुपारी ट्रक आले. शाळेच्या दोन खोल्या उघडून दिल्या, पाण्याचा टँकर लावला. चौथीच्या वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली बाया घुंगरांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपल्या होत्या. रात्री साडेदहाला गण सुरू झाला, मग गवळण, बतावणी, रंगबाजी. वग संपला तेव्हा पूर्वेला उजाडायला लागलं होतं.

मी मागे थांबलो. तासाभरात कनात खाली आली, फळ्या मोजून ट्रकमध्ये गेल्या. वावरात खुंट्यांच्या भोकांची एक मोठी चौकट उरली. नाना म्हणाले, नांगरलं की बुजतील.

सकाळी पारावर हजेरी झाली. आजोबा पहिल्या ओळीत होते. रात्री वगात राणी झालेली बाई चेहऱ्यावर अर्धवट पुसलेला रंग घेऊन गात होती. हजेरी संपल्यावर आजोबांनी दहाची नोट पुढे केली आणि विचारलं, “बाय, आजचा मुक्काम कुठं?”

तिनं पारनेरकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. मग विचारलं, “तिथं पाणी हाय का, ठाऊक हाय का बाबा?”