एका नाताळगीतातील म-कार

कॅनडातील लोकगीतगायक ब्रूस कोबर्न यांनी १९९३ साली नाताळच्या गीतांची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. गिटारीच्या साथीवर संथ, घरगुती आवाजात गायिलेली ही गीते बैठकीत बसून ऐकावीत अशी आहेत. देवळाचा घुमट किंवा मोठा वाद्यमेळ त्यांत नाही. सर्वपरिचित गीतांच्या जोडीला कोबर्न यांनी काही अल्पपरिचित गीतेही निवडली आहेत. सोळाव्या शतकातील एक स्पॅनिश गीत, इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात लोकांच्या तोंडून टिपलेले एक गूढ गीत, अमेरिकेतील निग्रो भक्तिगीते अशी ती निवड आहे. यांपैकी एका गीताचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ते गीत वेन्दात भाषेतील असून कोबर्न यांनी ते त्याच भाषेत गायिले आहे. ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नव्हे.

वेन्दात म्हणजे ज्यांना फ्रेंचांनी ह्युरन हे काहीसे तुच्छतादर्शक नाव दिले ते लोक. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची वस्ती आजच्या ऑन्टारियो प्रांतात, जॉर्जियन उपसागर आणि सिम्को सरोवर यांच्या दरम्यान होती. मका, घेवडा व भोपळा पिकवणारे, तटबंदीच्या गावांत लांबच लांब सामायिक घरे बांधून राहणारे हे शेतकरी होते. त्यांच्यामध्ये १६२६ पासून झां द ब्रेबफ हा जेझुइट धर्मोपदेशक, मध्यंतरीचा काही काळ सोडता, राहिला आणि १६४९ च्या मार्च महिन्यात इरोक्वा टोळ्यांच्या स्वारीत तेथेच मारला गेला. प्रस्तुत गीत त्याने १६४२ च्या सुमारास रचले, अशी परंपरा आहे. चाल मात्र एका जुन्या फ्रेंच गीताची आहे.

कॅनडात हे गीत लहानथोरांस ठाऊक आहे; परंतु ते ठाऊक आहे इंग्रजीत. जेसी एडगर मिडल्टन या ऑन्टारियोतील लेखकाने १९२६ साली ते इंग्रजी रूप सिद्ध केले. त्यात बाळ येशू झाडाच्या सालीच्या झोपडीत सशाच्या कातड्यात गुंडाळलेला आहे, मेंढपाळांच्या जागी शिकारी आले आहेत, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांच्या जागी दूरदूरचे टोळीनायक आले असून त्यांनी कोल्ह्याची व बीव्हर प्राण्याची कातडी भेट म्हणून आणली आहेत, आणि परमेश्वराचे नाव आहे गिची मॅनिटू. चित्र मोहक आहे यात शंका नाही. ते मूळ गीताचे भाषांतर आहे काय, हा आपला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर देण्यास मूळ संहिता हाती घेण्याचीही आवश्यकता नाही. एक म-कार पुरेसा आहे.

वेन्दात भाषा इरोक्वियन कुळातील आहे. या कुळाच्या उत्तरेकडील भाषांच्या वर्णव्यवस्थेत आपला पवर्ग जवळजवळ नाहीच. प, ब, म हे वर्ण तिथे नाहीत. ओठांचे काम पडते ते फक्त व-काराच्या उच्चारात. मुलाच्या तोंडी पहिल्याप्रथम बाबा, मामा येतात असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटेल, परंतु वस्तुस्थिती तशी आहे. खुद्द ब्रेबफने १६३६ च्या आपल्या वृत्तांतात या लोकांकडे ओष्ठ्य वर्ण नाहीत असे नमूद केले आहे. त्याच्या स्वतःच्या आडनावात तर ओष्ठ्य वर्णांचीच गर्दी! वेन्दात लोक त्याला ‘एशों’ म्हणत. येशूच्या मातेचे मारी हे फ्रेंच नाव त्यांच्या तोंडी ‘वारी’ असे होई, आणि या गीतातही ते तसेच आहे. (पंढरीच्या वारीशी त्याचा काही संबंध मराठी वाचकाने जोडू नये.) जेझुइटांच्या हस्तलिखितांत या व-कारासाठी 8 या अंकासारखे दिसणारे एक जोडचिन्ह वापरलेले आढळते.

आता मॅनिटू हा शब्द पाहावा. त्याच्या आरंभीच म-कार आहे. तो वेन्दात शब्द असणे शक्य नाही. तो आहे अल्गॉन्कियन कुळातील ओजिब्वे इत्यादी भाषांचा, आणि या दोन कुळांत तितकेच अंतर आहे जितके मराठी व तमिळ यांच्यात. कानडी अभंगात तुर्की शब्दाने विठ्ठलाला हाक मारावी, त्यातला हा प्रकार होय.

येथे आणखी एक गंमत आहे. दिव्य वा अदृश्य शक्ती या अर्थाचा वेन्दात शब्द ‘ओकी’ असा आहे, आणि तो मूळ गीतात खरोखरच आलेला आहे. पण परमेश्वर या अर्थी नव्हे. आजवर आपल्याला कैदेत ठेवणारा जो ओकी, तो येशूच्या जन्माबरोबर पळाला, त्याचे आता ऐकू नका, असा त्या कडव्याचा आशय आहे. म्हणजे मूळ गीतात ज्या जुन्या शक्तीचा पराभव सांगितला आहे, तिचाच शेजारच्या भाषेतील प्रतिशब्द इंग्रजी रूपात देवाच्या सिंहासनावर बसला आहे. मूळ गीत सौम्य नाही. ते एका धर्मोपदेशकाचे, जुन्या श्रद्धा मोडू पाहणारे गीत आहे. शिकाऱ्यांचे व सशाच्या कातड्याचे निसर्गचित्र त्यात नाही. झाडाच्या सालीने शाकारलेली घरे वेन्दातांचीही होती, तेवढ्यापुरते मिडल्टन यांना श्रेय देता येईल. भेटीस आलेले ज्येष्ठ पुरुष बाळाच्या मस्तकाला तेल चोळतात, हा मूळ गीतातील तपशील मात्र अस्सल तेथील आहे. पाहुण्याचे स्वागत करण्याची ती त्यांची रीत होती.

ब्रेबफला भाषेची जाण किती सूक्ष्म होती, याची साक्ष त्याच १६३६ च्या वृत्तांतात मिळते. वेन्दात भाषेत नातेवाचक शब्द सुटा उच्चारताच येत नाही. ‘बाप’ असे म्हणता येत नाही; माझा बाप, तुझा बाप, त्याचा बाप असे कोणाचा तरी बाप म्हणावे लागते. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने हे सूत्र म्हणावयाचे कसे? आमचा पिता, त्याचा पुत्र आणि त्यांचा पवित्र आत्मा, असे म्हणण्याची अनुज्ञा त्याने वरिष्ठांकडे मागितली. ज्याचा पिता वारला आहे त्याच्यासमोर ‘स्वर्गातील आमच्या बापा’ असे म्हणणे त्या लोकांत अपमानास्पद ठरे, ही अडचण वेगळीच. परभाषेत धर्म सांगू जाणाऱ्याला तिचे व्याकरण असे पावलोपावली अडवते.

याच संप्रदायाचा, ब्रेबफच्या आधीच्या पिढीतला एक इंग्रज आपल्या परिचयाचा आहे. सासष्टीत राहून ओवीबद्ध मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स ते हेच. त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. मराठीत बाप हा शब्द सुटा चालतो, त्यामुळे ब्रेबफची पंचाईत स्टीफन्स यांना पडली नाही. पण स्वर्गाला काय म्हणावे, हा त्याच जातीचा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे स्वीकारला. एकाने जुना शब्द आपल्या देवाकडे वळविला, दुसऱ्याने तो पळवून लावलेल्या शत्रूला दिला. दोघांपुढेही ऐकणारा समाज जिवंत होता व शब्द त्याच्या ओळखीचा असावा लागे, हे येथे ध्यानात घ्यावे. मिडल्टन यांच्यापुढे असा कोणी वेन्दातभाषी श्रोता नव्हता. कोणताही ‘इंडियन’ शब्द त्यांना चालला, तो यामुळेच.

संहितेचा प्रवासही थोडक्यात सांगितला पाहिजे. साथीच्या रोगांनी आधीच निम्म्यावर आलेला हा समाज १६४९ नंतर विखुरला. सुमारे तीनशे माणसे १६५० साली क्वेबेकच्या आश्रयाला आली व पुढे लोरेत येथे स्थायिक झाली. तेथील जेझुइट धर्मोपदेशक व्हिलनव्ह यांनी अठराव्या शतकात हे गीत लिहून घेतले. वेन्दात समाजातीलच पॉल पिकार यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले. आणि एर्नेस्त मिरां यांच्या संग्रहात १८९९ साली ते छापले गेले. म्हणजे ब्रेबफचा मृत्यू आणि पहिली लेखी नोंद यांमध्ये शतकाहून अधिक अंतर आहे. कर्तृत्वाची परंपरा असंभाव्य नाही. परंतु ती परंपरा आहे, पुरावा नव्हे, इतके म्हणूनच थांबावे.

गीत छापले गेले त्याच सुमारास भाषा बोलणारे लोरेत येथे उरले नव्हते. वेन्दातची पश्चिमेकडील भगिनी वायन्डॉट हिचे अखेरचे जाणकार ओक्लाहोमात होते. त्यांच्या कथा मारियुस बार्बो यांनी १९११-१२ मध्ये टिपून घेतल्या. पुढे जॉन स्टेकली या भाषाभ्यासकाने जेझुइटांचे कोश व व्याकरणे वर्षानुवर्षे अभ्यासून मूळ गीताचे शब्दशः इंग्रजी भाषांतर केले, आणि मिडल्टन यांचे रूप व मूळ यांतील अंतर सर्वांना दिसू लागले. तरी शाळाशाळांतून इंग्रजी रूपच गायिले जात राहिले. ते गाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. १९२६ ची एक स्वतंत्र रचना म्हणून ते गावे. त्याला वेन्दातांचे गीत म्हणणे मात्र त्या लोकांवर अन्यायकारक आहे. त्यांच्या तोंडी जो वर्ण कधी आलाच नाही, तो त्यांच्या देवाच्या नावात घालून आपण त्यांना स्मरणात ठेवतो.

कोबर्न यांनी मूळ शब्द गायिले, याचे मोल यासाठी. त्यानंतर चौदा वर्षांनी, २००७ साली, लाव्हाल विद्यापीठ आणि वेन्दात राष्ट्राची परिषद यांनी ‘यावेन्दा’ या नावाने भाषेच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प हाती घेतला. यावेन्दा म्हणजे वाणी. बोलणारा एकही माणूस शिल्लक नसल्याने त्याचा मुख्य आधार सतराव्या-अठराव्या शतकांतील हस्तलिखित कोश हाच होता. आणि ते कोश ओकीला पळवून लावू पाहणाऱ्या जेझुइटांनीच लिहिलेले आहेत.