शाकारणी

कोकणातील घराचा इतिहास सांगताना ते प्रथम कोणी बांधले याची चौकशी होते. आमच्या मते त्याचे छप्पर पुढे कोणी कोणी सावरले, याची नोंद अधिक मोलाची आहे.

जांभ्याच्या भिंती पिढ्यान् पिढ्या टिकतात. वरची नळीची कौले मात्र वाऱ्याने सरकत, माकडांच्या उड्यांनी फुटत. म्हणून पावसाळ्यापूर्वी ती उतरवून पुन्हा रचीत, हीच शाकारणी. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे यंत्रावर दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारी ती कौले पुढे कोकणातही रूढ झाली आणि दरवर्षीच्या शाकारणीची निकड सरली. घराला माणसांची वार्षिक गरज उरली नाही. माणसेही मुंबईस आणि तेथून आमच्यासारखी परप्रांतीच्या कचेऱ्यांत पांगली.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. कौले रिपांवर स्वतःच्या वजनानेच टेकलेली असतात; वारा पडवीखालून शिरला की ती उचलली जातात. श्रीवर्धनचे आमचे माजघर असेच उघडे पडले. पाऊस तोंडावर आलेला आणि टाळेबंदीच्या निर्बंधांमुळे आम्हां भावंडांपैकी कोणासही तेथे पोचता येईना. ताडपत्री घातली ती शेजाऱ्यांनी.

वर्षातून आठ दिवसही कोणी राहत नाही, ते घर उभारावयाचे कशासाठी, हा प्रश्न मग आलाच. धाकट्या बंधूंचे मत पत्र्यांच्या बाजूने पडले. काम झटपट होते आणि पुन्हा पाहावे लागत नाही. आम्हांस नेमकी तीच अडचण वाटली. कौलारू घर कोणीतरी येऊन पाहावे लागते. शेवटी आम्ही शाबूत कौले निवडली, मोडके वासे बदलले आणि उरलेली तूट गावातील एका पडक्या घराची कौले विकत घेऊन भरून काढली.

तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्यापैकी एकाने रजा काढून श्रीवर्धनास जावयाचे, असा नेम ठरला आहे. वाडीत पोफळीची नवी रोपे लाविली आहेत. ती फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर पाच-सात शाकारण्या होतील.