ठोका, तास आणि ताळ

बायपासनंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दर तीन-चार रुग्णांपैकी एकाच्या हृदयाची लय बिघडते. डॉक्टर त्याला 'एएफ' (एट्रियल फिब्रिलेशन) म्हणतात आणि घरची माणसे 'ठोके चुकतायत' म्हणतात. या दुसऱ्या प्रयोगाकडे जरा पाहू.

'काळजाचा ठोका चुकणे' यात काळीज मुळात हृदय नव्हेच. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत, आणि हिंदी 'कलेजा'प्रमाणे आपले 'काळीज'ही तिथूनच निघालेले दिसते. पुढे ते छातीत सरकले. 'ठोका' मात्र घड्याळाशी वाटून घेतलेला शब्द आहे. दहाचे ठोके पडतात, तसे हृदयाचेही पडतात. पण ठोका चुकायचा तर आधी त्याची जागा ठरलेली हवी. 'एएफ'मध्ये ती ठरलेलीच नसते. अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसती थरथरतात आणि त्यांतले मोजके आवेग, वाटेल त्या अंतराने, निलयांपर्यंत, म्हणजे खालच्या कप्प्यांपर्यंत, पोचतात. शस्त्रक्रियेनंतरची सूज, शरीरातला ताण, घटलेले पोटॅशियम-मॅग्नेशियम अशी त्याची अनेक कारणे. चुकायला तिथे नेमच उरत नाही.

'अलिंद'ही गमतीचा शब्द आहे. संस्कृतात तो दारापुढची ओसरी, तर 'निलय' म्हणजे राहते घर. अलिंदाचे लॅटिन नाव 'एट्रियम', म्हणजे रोमन घराचा दर्शनी चौक. परिभाषा घडवणाऱ्याने तो चौक ध्यानात ठेवूनच ओसरी निवडली असावी.

नाडीचे कूळ वेगळे. 'नड' म्हणजे बोरूसारखे पोकळ गवत. त्यावरून नाडी म्हणजे पोकळ देठ, नळी. आपले 'नळ' आणि 'नळी' त्याच गोतातले दिसतात. चोवीस मिनिटांच्या घटकेलाही नाडी म्हणत. हे नाव जलघड्याळाच्या नळीवरून पडले असावे. पायजम्याची नाडीही बहुधा याच घरची. मात्र मनगटातली नाडी वाजत नाही, ती चालते. शार्ङ्गधरसंहितेत तिची चाल प्राण्यांवरून ओळखली आहे: वाताची सर्पासारखी वा जळवेसारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी, आणि सन्निपाताची लावा-तित्तिरांसारखी. थांबून थांबून चालणारी नाडी तर प्राणघातक मानली आहे. बायपासनंतरच्या रुग्णाने मात्र या निदानाने धास्तावू नये. त्याच्या मनगटामागे मॉनिटर आणि औषधे उभी असतात.

आता 'सन्निपात' पाहा. मुळात तो तिन्ही दोषांचा एकत्र प्रकोप. मराठी बोलण्यात मात्र तो तापातल्या बरळण्याचा, भ्रमाचा वाचक झाला. आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी पूर्ण विस्कटलेल्या नाडीला काय नाव द्यावे? 'डिलिरियम कॉर्डिस', हृदयाचा भ्रम! एकमेकांकडून उसने न घेता दोन परंपरा एकाच शब्दार्थाच्या दाराशी आल्या असाव्यात. त्यातही 'डिलिरियम'च्या पोटात लॅटिन 'लीरा' आहे, म्हणजे नांगराची ओळ. बैल त्या ओळीबाहेर गेला की झाला डिलिरियम.

नांगराच्या ओळीला आपण 'तास' म्हणतो. हा 'तास' 'तासणे'शी, म्हणजे संस्कृत 'तक्ष्'शी जोडता येईल असे दिसते. साठ मिनिटांचा 'तास' निराळा. तो फारसी 'तास', धातूचे पात्र. वेळ झाली की धातूची थाळी बडवत, तिच्यावरून तो कालवाचक झाला असावा. एक तास जमिनीतला, दुसरा थाळीवरचा. मुळे दोन, पण दोन्ही नेमाचीच. आणि 'ठोका' त्या दुसऱ्या तासाचाच आवाज!

मग बिघडलेली लय पूर्ववत होण्याला काय म्हणावे? मराठीत शब्द तयार आहे: ताळ्यावर येणे. 'ताल'चा 'ताळ' होणे मराठीच्या 'ल-ळ' स्वभावाला धरूनच आहे. 'ताळतंत्र' आणि 'ताळमेळ' त्याचेच सोबती दिसतात. हिशेब पडताळण्याचा 'ताळा' याच कुळातला की वेगळा, यावर मतभेदाला जागा आहे. बेतालपणे वागणाऱ्याला आपण 'ताळ्यावर ये' म्हणतो, तेव्हा लय आणि शुद्ध यांत फरक करत नाही. बायपासनंतरचा 'एएफ' बहुतेकांत काही दिवसांत वा फार तर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून नातेवाइकांनी 'ठोके चुकतायत' याऐवजी 'हृदयाने ताळ सोडलाय, येईल ताळ्यावर' म्हटले, तर ते वैद्यकाच्या अधिक जवळचे आणि अधिक मराठीही ठरेल.