दौत, दप्तर आणि आमचे गुरुजी

देवळीच्या शाळेत पाचवीत असताना मी एकदा म्हणालो, "गुरुजी, मला पाणी होना." सगळा वर्ग हसला. घरी आम्ही तसंच बोलायचो. त्यानंतर मराठीच्या तासाला मी तोंड उघडणंच सोडलं.

वर्ध्याच्या शिक्षण परिषदेबद्दल वाचताना हा प्रसंग आठवतो. देवळीहून वर्धा बसने अर्ध्या तासावर. तिथे 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले. पुढे अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले जामियाचे डॉ. झाकीर हुसेन. लोकांना या 'नई तालीम'मधली टकळी तेवढी आठवते. पण मातृभाषेच्या अभ्यासक्रमाची एक अपेक्षा अशी होती की, मुलाला भोवतालच्या माणसांविषयी, वस्तूंविषयी मोकळेपणाने, न बिचकता बोलता यावं. व्याकरण अचूक हवंच, पण आधी बोलणं सुटायला हवं.

ही अपेक्षा कागदावर उतरवणं सोपं. त्याच सुमारास मध्य प्रांताच्या सरकारने 'विद्यामंदिर' योजना आणली आणि त्या नावावरूनच मुस्लिम समाजात नाराजी पसरली. नावात काय एवढं, असं कुणी म्हणेल. ज्याचं बोलणं वर्गात हसण्यावारी गेलंय, तो तसं म्हणणार नाही.

माझी कोंडी फोडली ती नव्याने आलेल्या गुरुजींनी. त्यांनी फळ्यावर लिहिलं: शाई, दौत, कागद, दप्तर, हजेरी. "हे शब्द आले कुठून?" कुणालाच सांगता येईना. "अरबी-फारसीतून. म्हणजे याच्या घरचे शब्द तुम्ही रोज पाठीवर घेऊन शाळेत येता." मग सगळ्यात मोठ्याने हसलेल्या मुलाला विचारलं, "तू घरी काय म्हणतोस? मला?"

"मले."

"पुस्तकात काय आहे?"

तो गप्प. खरं तर पुस्तकातली मराठी आम्हा दोघांनाही तितकीच परकी होती. मला ते तोवर कुणी सांगितलं नव्हतं. "मग दोघंही शिकायलाच आलात की!" गुरुजी म्हणाले. मला त्यांनी घरून असे आणखी शब्द आणायला सांगितले.

रात्री अब्बांना विचारलं. त्यांनी 'कंदील' दिला, 'वकील' दिला, आणि वर विचारलं, "अजून किती होना?"