प्रदर्शनाला बैल नेताय? मग त्याचं सामान त्याच गाडीत टाकण्याआधी हे वाचा

प्रदर्शनातल्या बैलाची रील तुम्ही पाहिली असेलच. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ आणि मागं दणक्यात गाणं. रीलमध्ये दिसत नाही ते त्या बैलासोबत आलेलं बिऱ्हाड. ढेपेचं पोतं, कुटाराची गाठोडी, पाण्याचा ड्रम, बादल्या, घमेली, खरारा, खुंटे, दोर, ताडपत्री, खाली अंथरायची रबरी मॅट. दुभती गाय असेल तर दुधाचे कॅन आणि दूध काढायचं मशीन. शिवाय सोबतच्या दोन माणसांच्या वळकट्या. ड्रम भरलेला असेल तर एका जनावरामागचं हे सामान सहज तीन क्विंटलच्या पुढं जातं.

बहुतेक वेळा हे सगळं जनावराच्याच गाडीत जातं. पिकअप सांगायची, पुढं सामान रचायचं, मागं बैल चढवायचा, फाळका लावायचा आणि निघायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

पण कायद्याला हे मान्य नाही. रस्त्यात गाडी अडवली गेली, तर बक्षिसाची स्वप्नं बघणारा बैल गोशाळेत आणि मालक पोलीस ठाण्यात, अशी वेळ येऊ शकते.

नागपूरला येणारी जनावरं कुठली?

नागपुरात २००९ पासून ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन भरतं. अलीकडच्या काही वर्षांत ते नोव्हेंबरमध्ये दाभ्याच्या मैदानावर होतं. विदर्भाच्या स्वतःच्या जातीही काही कमी नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा पट्ट्यातली पांढरीशुभ्र गवळाऊ, तलवारीसारखी लांब शिंगं मागं टाकणारी नागपुरी म्हैस, अकोला-अमरावतीकडची पूर्णाथडी. गवळाऊसाठी वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही आहे.

याशिवाय शंकरपट आहेतच. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला आणि पटाच्या जोड्या पुन्हा उजळ माथ्याने गावोगाव फिरू लागल्या. अंतरंही वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि पुढच्याच मार्चमध्ये शिर्डीत राज्याचा महापशुधन एक्स्पो भरला. विदर्भातून तिकडं जनावर न्यायचं म्हणजे मार्चच्या उन्हात अख्ख्या दिवसाचा प्रवास. त्यात समृद्धीवर ट्रॅक्टरला बंदी, त्यामुळं ट्रॉलीत घालून नेऊ हा पर्यायही बाद.

नियम काय म्हणतो?

पहिला नियम जुना आहे, १९७८ चा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्राने जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले. त्यातला ५६ वा नियम मालवाहू गाडीतून गुरं नेण्याबद्दल आहे. एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत. सोबत एक सांभाळणारा माणूस हवा. साधी गाडी असेल तर तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या हव्यात, म्हणजे पाय घसरणार नाहीत. जनावराचं तोंड शक्यतो इंजिनाकडं हवं. आणि आपल्या मुद्द्याचं वाक्य : गुरं नेताना त्या गाडीत दुसरा कोणताही माल भरायचा नाही.

दुसरा नियम परिवहन खात्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०१५ साली १२५-ई हा नियम आला. जनावरं नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे पाहिजेत, प्रत्येक जनावर स्वतंत्र कप्प्यात पाहिजे, गाय किंवा म्हशीला किमान २ चौरस मीटर जागा पाहिजे. असा बदल केलेल्या गाडीला आरटीओने खास परवाना द्यायचा. आणि पुन्हा तेच, या गाडीत इतर माल न्यायला परवानगी नाही.

आता तुम्ही म्हणाल, माल म्हणजे विकायचा माल. बैलाची झूल आणि बादली माल कशी होईल? इथंच मेख आहे. मोटार वाहन कायद्यात माल या शब्दाची व्याख्या दिलेली आहे आणि ती भलतीच मोठी आहे. माणसं सोडून गाडीतून नेली जाणारी कुठलीही वस्तू म्हणजे माल. सूट आहे ती गाडीसोबत नेहमी लागणाऱ्या साहित्याला आणि प्रवाशांच्या वैयक्तिक सामानाला. म्हणजे गाडीचा जॅक चालतो, सोबतच्या माणसाची पिशवी चालते. जनरेटर, मिल्किंग मशीन, मंडपाचे पाइप, पाच-सहा पोती ढेप यांना ही पळवाट मिळणं कठीण.

मग चारा-पाण्याचं काय? ते बंद कसं करता येईल? त्याच १९७८ च्या नियमांनुसार जनावर भरण्याआधी त्याला नीट खाऊ-पाजू घालावं लागतं, सोबत प्रथमोपचाराचं साहित्य ठेवावं लागतं, आणि गुरांसोबतच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं-घेणाऱ्याचं नाव-पत्ता, गुरांची संख्या आणि दिलेल्या खाद्याचं प्रमाण लिहावं लागतं. म्हणजे वाटेपुरता चारा, पाणी आणि औषधाची पेटी ही जनावराची गरज आहे आणि ती नियमालाच अपेक्षित आहे. चार दिवसांच्या मुक्कामाचा साठा हा वेगळा विषय. सरळ अर्थ लावायचा तर रेषा इथं आहे.

हौद्याचं गणित

नियम बाजूला ठेवा, नुसती जागा मोजा. २ चौरस मीटर म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याची पिकअप घेतली तर जागा होते साडेएकोणपन्नास चौरस फूट. दोन बैलांना त्रेचाळीस गेले. उरले साडेसहा, म्हणजे एक ड्रम आणि दोन पोती ठेवली की संपलं. कप्प्याच्या जाडीतही थोडी जागा जातेच. छोट्या हत्तीच्या हौद्यात तर एकच जनावर नियमात बसतं.

जागेपेक्षा मोठी भीती वजनाची आहे. बैल गाडीत बसत नाही, तो उभा असतो आणि प्रत्येक वळणाला चार पायांवर तोल सावरत असतो. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोन क्विंटल पाणी. तो अर्धा भरलेला असेल तर आतलं पाणी ब्रेक लागला की पुढं, वळण आलं की बाजूला आदळतं. बांधलेला नसेल तर ड्रमच जनावराच्या पायावर येतो. टपावर सामान रचलं तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आधीच उभ्या जनावरामुळं तो वर असतोच. सुटी बादली तर नुसत्या आवाजानेच बैलाला बुजवते.

अमेरिकेत हा प्रश्न गाडीच्या रचनेतच सोडवलाय. तिथं प्रदर्शनाची गुरं पिकअपमागं ओढायच्या बंदिस्त ट्रेलरमधून जातात. ट्रेलरच्या पुढच्या भागात सामानाची वेगळी खोली असते, मध्ये पक्की भिंत आणि तिला स्वतंत्र दार. खरारा, दोर, पंखे सगळं तिथं. केस विंचरायला जनावर उभं करायचा लोखंडी सांगाडा बऱ्याचदा टपावरच्या खास चौकटीत जातो. आपल्याकडं असा ट्रेलर सर्रास मिळत नाही आणि नियमाची भाषाही वेगळी आहे, त्यामुळं तो जुगाड पिकअपमध्ये करायला जाऊ नये.

मग करायचं काय?

सामानाला दुसरी गाडी. हे उत्तर खिशाला लागतं, मान्य आहे. पण एकाच गावातून किंवा तालुक्यातून तीन-चार जण निघणार असतील, तर सगळ्यांच्या सामानाला मिळून एक छोटा हत्ती पुरतो आणि भाडं वाटलं जातं. शिवाय ती गाडी दोन तास आधी निघाली तर मैदानावर मॅट टाकून, खुंटे ठोकून, पाणी भरून तयार असतं. प्रवासाने थकलेल्या जनावराला उतरल्या उतरल्या जागा मिळते.

निघायच्या आधी आयोजकांना एक फोन केला तर अर्धं सामान घरीच राहतं. पाण्याची सोय, खुंटे, सावली, चारा यातलं काय मैदानावर मिळणार आहे ते विचारून घ्यावं. उतरवायला उतार किंवा ओटा आहे का, हेही. तो नसेल तर फाळक्यावरून उडी मारायला लावण्यात बैलाचा पाय जातो, आणि लंगडणाऱ्या बैलाला कुठलाही पंच उभं करत नाही.

बादली आणि घमेलं मात्र स्वतःचंच न्यावं. लाळ्या-खुरकूत लाळेतून पसरतो, आणि प्रदर्शनात एकाच हौदात दहा गावची तोंडं बुडतात. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यात गुरांचे बाजार, शर्यती आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती, हे फार जुनं नाही.

गाडी ठरवताना एक प्रश्न हमखास विचारावा : काल यात काय भरलं होतं? युरिया सांडलेला असेल तर जनावर तो चाटतं, आणि युरियाची विषबाधा काही तासांत जीव घेते. हौदा धुऊन, वाळवून, मगच तळाला चटई आणि वर कुटाराचा थर.

सजावट प्रवासात नको. झुलीखाली अंग तापतं, माळ कप्प्याच्या पाइपात अडकते. बांधायचं ते मोरकीला, वेसणीला नाही. गाडीला धक्का बसला की वेसणीवरचा ताण थेट नाकपुडीवर येतो. दोर इतका लांब नको की पाय त्यात अडकेल, आणि गाठ एका झटक्यात सुटणारी हवी.

सगळ्यात हलकं सामान

ते म्हणजे कागद. जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला १९७८ च्या नियमांप्रमाणे सक्तीचा आहे. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर त्या दाखल्यावर लिहून घेतला तर हेच ते जनावर हे दाखवणं सोपं जातं. सोबत प्रदर्शनाचं निमंत्रण किंवा नोंदणीची पावती आणि मालकीचा पुरावा.

याची गरज का, तर मार्च २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांची कत्तल आणि त्यासाठीची वाहतूक गुन्हा आहे. वाहतूक कत्तलीसाठी नव्हती हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलम मुंबई हायकोर्टाने मे २०१६ मध्ये रद्द केलं. पण कोर्टातली बाजू आणि रात्री दोन वाजता नाक्यावरची बाजू यात फरक असतो. तिथं आधी बघितला जातो तो हौदा. जनावरांना अंग हलवायला जागा नाही, पायात पोती आहेत, असं दिसलं तर कत्तलीचा संशय दूर होऊनही क्रूरतेचा गुन्हा लागू शकतो. जप्त झालेलं जनावर खटला चालू असताना गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येतं, आणि २०१७ च्या नियमांनुसार त्याच्या सांभाळाचा खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. पैदाशीचा वळू असेल तर तो सगळा हंगाम गेला.

हा दाखला बहुतेक जण जातानाचा घेतात. येतानाचा विसरतात. प्रदर्शनाच्या मैदानावर पशुवैद्यक असतातच, त्यामुळं शेवटच्या दिवशी गर्दी व्हायच्या आत परतीचा दाखला करून घ्यावा. आणि सामानाची दुसरी गाडी परतीसाठीही सांगून ठेवावी. ढेप संपलेली असते, ड्रम रिकामा असतो आणि आता काय, टाका सगळं बैलाच्याच गाडीत, असं हमखास त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणतं.